क्रोधाची फुगडी

संताप हा मनाचा विकार आहे, असे आमच्या शास्त्रकारांनी षड्रिपूंच्या यादीत त्याला दुसऱ्या क्रमांकावर बसवून कायमचे नमूद करून ठेवले आहे. परंतु ज्याने म्हणून एखाद्या पांढरपेशा मराठी गृहस्थाला त्याच्या स्वतःच्या राहत्या घरात संतापलेला पाहिले असेल, त्याला हा विकार मनापेक्षा हातापायांतच अधिक वस्ती करून असतो याविषयी तिळमात्र संदेह उरणार नाही. अशा गृहस्थाची वाणी फार काळ पुरत नाही. चार वाक्यांत तिची शिदोरी संपते, आणि ती चारही वाक्ये घरातल्या मंडळींनी पूर्वी ऐकलेली असल्यामुळे पुढचा सगळा मामला निस्तरण्याची जबाबदारी पायांवर येऊन पडते. मग तो माजघरातून ओसरीवर येतो, ओसरीवरून माजघरात जातो, ज्याचा प्रस्तुत प्रकरणाशी दूरान्वयानेही संबंध नाही अशा कपाटाचे दार उघडून लावतो, आणि लावल्याचा आवाज मनाजोगा झाला नाही तर पुन्हा उघडून पुन्हा लावतो. वर्तमानपत्र उलगडतो, वाचत नाही, आणि घडी घालताना ते मूळच्या घडीवर बसत नाही म्हणून वर्तमानपत्रावरही संतापतो. आणि सरतेशेवटी चहा नको असल्याचे कळवण्याकरिता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जातीने जातो, कारण ‘मला चहा नको’ हे वाक्य ओसरीवरून उच्चारले असता त्याचा परिणाम निम्म्याने उणावतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. आत फोडणी देत उभी असलेली त्याची अर्धांगी मान वर करून पाहतही नाही. चपलांच्या आवाजावरून प्रकरण कचेरीचे आहे, बँकेचे आहे की तिच्या माहेरचे आहे, हे तिला बिनचूक उमगलेले असते.

हे एक नृत्यच आहे. फक्त फार वाईट नृत्य आहे. त्याला रंगभूमी आहे, प्रेक्षक आहेत, प्रवेश आहे आणि निष्क्रमणही आहे. नाही तो ताल, नाही ती लय, आणि समाप्ती म्हणावी तर पाने वाढली जाणे एवढीच काय ती समाप्ती.

या विषयाचा पद्धतशीर विचार आपल्याकडे कोणी केलाच नाही, असे मात्र नव्हे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांपैकी रौद्राला रक्तवर्ण आणि रुद्र ही देवता नेमून दिली, क्रोध हा त्याचा स्थायिभाव ठरवला, आणि संतापलेल्या पात्राने डोळे लाल करावेत, भुवया चढवाव्यात, दातांनी ओठ दाबावा, गाल फुरफुरू द्यावेत आणि हातावर हात चोळावा, असा अंगप्रत्यंगांचा तपशीलवार बंदोबस्त करून ठेवला. परंतु मुनींची खरी थोरवी यापुढे आहे. क्रोध कोणामुळे उत्पन्न झाला यावरून त्यांनी त्याचे पाच प्रकार पाडले आहेत: शत्रूमुळे आलेला, गुरुजनांमुळे आलेला, प्रिय व्यक्तीमुळे आलेला, सेवकांमुळे आलेला, आणि पाचवा, जो मुळात आलेलाच नाही, केवळ दाखवण्यापुरता आणलेला आहे तो. शत्रूसमोर भुवया वाकवण्यास आणि ओठ चावण्यास पूर्ण मुभा आहे. गुरुजनांसमोर मात्र दृष्टी किंचित खाली असावी, घाम पुसत राहावे आणि अंगविक्षेप प्रकट होऊ देऊ नयेत, असा त्यांचा दंडक आहे.

भरतमुनींनी तालुका कचेरी पाहिली असणे कालगणनेच्या दृष्टीने अशक्य आहे, हे मला मान्य आहे. तथापि साहेबाच्या मेजासमोर, फेटाळलेल्या रजेचा अर्ज हातात धरून, दृष्टी टाकाच्या दौतीवर खिळवून आणि रुमालाने मानेवरचा घाम टिपीत उभा असलेला कारकून ज्याने पाहिला आहे, त्याला हे शास्त्र किती प्रत्यक्षावर आधारलेले आहे याची साक्ष पटल्यावाचून राहणार नाही. त्याचा एकही अवयव हलत नाही. हलतो तो फक्त डाव्या पायाचा अंगठा, आणि तोही बुटाच्या आत. हाच गुरुजन्य क्रोध सायंकाळी पाचाच्या ठोक्याला कचेरीतून बाहेर पडतो, वाटेत वर्ग बदलतो, आणि घरी पोचेपर्यंत सेवकजन्य होऊन दूधवाल्याच्या नावे वर्ग झालेला असतो. पाचव्या, म्हणजे कृतक क्रोधाचे सर्वोत्कृष्ट प्रयोग मात्र मंडईत होतात. भाव ऐकताक्षणी मान झटकणे, पिशवी खांद्यावर चढवणे, पाठ फिरवणे आणि ठरलेली दोन पावले टाकून तिसऱ्या पावलाला इतका वेळ लावणे की भाजीवालीला ‘या ताई, घ्या’ म्हणायला पुरेसा अवसर मिळावा, ही सगळी क्रिया आमच्या घरातील ज्येष्ठ स्त्रिया ज्या सफाईने पार पाडतात, ती पाहून कोणत्याही नाट्याचार्याने हात जोडावेत. विशेष हे की त्या वेळी भाजीवालीचा क्रोधही तितकाच कृतक असतो. दोघीही आपापली भूमिका चोख वठवतात आणि कोथिंबीर शेवटी फुकट पडते.

मुनींनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, ती अशी की रौद्रापासून करुणाची निष्पत्ती होते. रागाच्या भरात स्वतःच भिरकावून दिलेला चष्मा पलंगाखाली चाचपून शोधणाऱ्या गृहस्थाकडे पाहिले की हे सूत्र भाष्यावाचूनच समजते.

रागाने हातपाय आपटणाऱ्या मनुष्याला आपल्या वर्तनाला शास्त्राधार हवा असला म्हणजे तो हटकून शंकराकडे धाव घेतो. ‘प्रत्यक्ष महादेवाने तांडव केले, मग आम्ही का करू नये?’ असा युक्तिवाद मी निदान तीन निरनिराळ्या मामांच्या तोंडून ऐकला आहे. या मामांनी मूळ दस्तऐवज वाचलेला नसतो, हे उघड आहे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात हकीकत दिली आहे ती अशी की दक्षाच्या यज्ञाचा विध्वंस झाला, आणि त्यानंतर सायंकाळी महेश्वराने लय आणि ताल यांना अनुसरून, नाना अंगहारांसह नृत्य केले. म्हणजे आधी विध्वंस उरकला, मग संध्याकाळ होऊ दिली, आणि मग ताल धरला. ही तीन कामे तीन वेगळ्या वेळी झाली. विध्वंस करता करता नाचावे, किंवा नाचता नाचता दक्षाला चार शब्द ऐकवावेत, असा घोळ देवाने केला नाही. पुढे शंकराच्या गणांपैकी तण्डूने या अंगहारांचा प्रयोग भरताला समजावून दिला, त्यांतील करणांची, म्हणजे हातापायांच्या एकत्रित हालचालींची, संख्या 108 भरली, आणि चिदंबरमच्या मंदिराच्या गोपुरांवर ती करणे दगडात कोरलेली आजही पाहायला मिळतात. त्या आकृतींतल्या कोणाच्याही चेहऱ्यावर ‘आता बघतोच तुझ्याकडे’ असा भाव नाही. आमच्या मामांपैकी एकाला मी हे निदर्शनास आणून दिले असता ते संतापले आणि ओसरीवर गेले.

आता पाश्चात्त्यांनी हा विषय अलीकडे इस्पितळात नेला आहे. अमेरिकेत मेरियन चेस नावाच्या नर्तिकेने 1942 साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स इस्पितळात मनोरुग्णांना नृत्याच्या द्वारे बोलते करण्याचे काम आरंभले, आणि ज्यांना शब्द सापडत नव्हते त्यांना हालचाल सापडली. हे काम गंभीर आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. आपल्याकडेही 1974 साली पुण्याच्या कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम स्थिरावल्यापासून भल्या पहाटे जोराने श्वास घ्यावा, मग दहा मिनिटे मनात येईल तसे ओरडावे, रडावे, नाचावे, मग हात वर करून उड्या माराव्यात, मग पुतळ्यासारखे स्तब्ध व्हावे आणि शेवटी आनंदाने नर्तन करावे, असा तासाभराचा ध्यानविधी रूढ झाला. त्या काळी पेठांमध्ये या विधीविषयी जे बोलले जाई त्यात नैतिक आक्षेप पुष्कळ असत. पण पहाटे उठण्याविषयी कोणाचीही तक्रार नसे, कारण पेठेतले लोक त्याहून आधी उठून ओरडायला लागलेले असत.

थट्टा करण्याजोगा भाग यानंतरचा आहे. इस्पितळातून आणि आश्रमातून निघालेली ही विद्या हल्ली रविवारच्या शिबिरांपर्यंत येऊन पोचली आहे, आणि अशाच एका शिबिरात आमच्या एका स्नेह्यांना त्यांच्या सूनबाईंनी परस्पर दाखल केले. हे स्नेही महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून त्यांच्या आयुष्यात राग असा एकच आहे. तो म्हणजे शेजाऱ्यांच्या पन्हळीचे पाणी त्यांच्या आवारात पडते त्याचा. या पाण्यावरून गेली कित्येक वर्षे दिवाणी दावा चालू आहे, दोन्ही बाजूंचे वकील त्यावर सुस्थितीत आहेत, आणि स्नेह्यांचा रक्तदाब मात्र पावसाळ्याच्या अंदाजाबरोबर चढत-उतरत असतो. ‘बाबा, तुम्ही एकदा जाऊन तर बघा, तिथं कुणी कुणाला हसत नाही,’ असे सूनबाईंनी सांगितले. ज्या ठिकाणी कोणी हसत नाही अशा ठिकाणी जन्म काढलेला असल्यामुळे स्नेह्यांना या आश्वासनाचे अप्रूप वाटले नाही. पण शुल्क भरून झालेले होते, आणि भरलेले शुल्क वाया घालवणे त्यांच्या शिरस्त्यात बसत नव्हते.

शिबिर एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरले होते. आदल्या रात्रीच्या लग्नाचा मसालेभात अजून हवेत होता आणि व्यासपीठावरच्या थर्माकोलच्या अक्षरांतून वधूचे नाव काढायचे राहून गेले होते. सैल पायजमा घातलेल्या, अत्यंत मृदू आवाजाच्या एका तरुणाने प्रथम प्रत्येकाला एक छापील फॉर्म दिला. त्यात ‘रागाचे कारण’ या बाबीखाली दोन ओळींची जागा होती. स्नेह्यांनी पुरवणी मागितली. पुरवणी ठेवण्याची पद्धत नाही असे कळताच त्यांनी फॉर्मच्या मागल्या बाजूस सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा, पन्हळीची लांबी आणि पंचनाम्याची तारीख लिहून खाली सही केली, आणि प्रत मिळेल का म्हणून विचारणा केली. मग सर्वांना डोळे मिटायला सांगण्यात आले, शरीरात राग नेमका कोठे राहतो ते शोधायला सांगण्यात आले, आणि ढोलाचे संगीत सुरू झाले. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई उशीला बडवू लागल्या. एक संगणकवाला तरुण सतरंजीवर गडबडा लोळू लागला. एका कोपऱ्यात कोणी एक जण ‘नाही, नाही’ म्हणत भिंतीला ढकलू लागला, आणि ती भिंत पाडकामाला आलेली असल्यामुळे व्यवस्थापक धावत वर आला. स्नेही मध्यभागी छत्री धरून उभे होते. तरुण त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, ‘काका, सोडून द्या.’

‘सोडून कसं द्यायचं?’ स्नेही म्हणाले. ‘येत्या मंगळवारी तारीख आहे.’

तरीही प्रयत्न केला नाही असे होऊ नये म्हणून ते घरी चालतात तसे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागले. वळताना पाय आपटू लागले. दर आपटण्याबरोबर पन्हळीचे एकेक कलम आठवू लागले. आणि संगीत थांबले तेव्हा त्यांचा चेहरा इतका लाल झाला होता की त्या तरुणाने सर्वांना टाळ्या वाजवायला लावून त्यांचे विशेष अभिनंदन केले. त्या उत्तेजनाचा परिणाम असा झाला की स्नेही घरी आले ते थेट स्टुलावर चढले, टेपने पन्हळ नव्याने मोजली, आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने एक वाढीव नोटीस धाडली.

यात दोष स्नेह्यांचा नव्हे. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने मागे 600 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला आणि तो 2002 साली प्रसिद्ध झाला. प्रथम विद्यार्थ्यांच्या निबंधांवर अपमानकारक शेरे मारून त्यांना रीतसर संतप्त करण्यात आले. (आपल्याकडे यासाठी स्वतंत्र प्रयोगाची गरज पडली नसती.) मग काहींना मुष्टियोद्ध्यांची पिशवी ठोसायला देऊन, शेरा मारणाऱ्याचा चेहरा मनात आणायला सांगितले, काहींना ठोसताना आपल्या व्यायामाचा विचार करायला सांगितले, आणि काहींना नुसते दोन मिनिटे स्वस्थ बसवले. ज्यांनी शत्रूचा चेहरा आठवून ठोसे लगावले त्यांचा राग सर्वांत अधिक राहिला, आणि स्वस्थ बसलेले सर्वांत कमी आक्रमक निघाले. 2024 साली ओहायोच्या विद्यापीठातल्या मंडळींनी, त्यांत हेच बुशमन होते, 154 संशोधनांचा एकत्रित ताळेबंद मांडला, त्यातही हेच निघाले की शरीर तापवणाऱ्या उद्योगांनी राग उतरत नाही. धावण्याने तर उलट चढतो. मात्र त्या ताळेबंदात एक नोंद अशी आहे की चेंडूफळीसारख्या खेळांचा परिणाम जरा निराळा, शांतवण्याच्या बाजूचा दिसला, आणि खेळात रमण्याचा यात काही भाग असावा, असा तर्क त्या विद्वानांनी केला आहे.

हा तर्क करण्यासाठी ओहायोपर्यंत जाण्याचे प्रयोजन नव्हते. सिंधुदुर्गातल्या कोणत्याही जत्रेत रात्री उशिरा दशावतारी नाटक पाहायला बसावे. देव आणि राक्षस यांचे युद्ध जुंपते, तलवारी उपसल्या जातात, मृदंग आणि झांज कडाडतात, दोघेही एकमेकांभोवती गरगर फिरतात, गर्जना इतक्या भयंकर होतात की पुढे बसलेली पोरे आईच्या पदरात शिरतात. आणि या सगळ्यात कोणी कोणाला लागू देत नाही, कारण उद्या रात्री पुढच्या गावी याच दोघांना पुन्हा लढायचे असते. युद्ध संपले की रणांगणात पडलेला राक्षस पडद्यामागे जाऊन इंद्राच्या काडीवर आपली विडी पेटवून घेतो.

परंतु या विद्येचा कळस झाला आहे तो आमच्या घराच्या आतल्या खोलीत, आणि ज्या मंडळींनी तो केला त्यांनी त्यावर एकही ग्रंथ लिहिलेला नाही. आश्विनात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या मुली भोंडल्याच्या गाण्यांतून सासरचे जे वाभाडे काढतात, ते तसेच्या तसे गद्यात म्हटले असते तर निम्म्या सुनांची पाठवणी झाली असती. माहेरी जाण्याची परवानगी मागणारी सून सासूकडे जाते, सासू आधी कारल्याचा वेल लावायला सांगते, वेलाला कारली लागून त्यांची भाजी होईपर्यंत अर्ज दाबून ठेवते आणि मग तो सासऱ्याकडे पाठवते. घरातल्या घरात एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरणाऱ्या फायलीची इतकी मार्मिक कैफियत मी सचिवालयाच्या वाङ्मयातही वाचलेली नाही. गंमत अशी की फेर धरणाऱ्यांत जिची परवानगी अडली आहे ती असते, आणि खिरापतीचा डबा झाकून समोर बसलेल्यांत जिने ती अडवली आहे तीही असते. दोघीही एकाच ठेक्यावर टाळ्या देत असतात.

श्रावणातली मंगळागौर तर याहून पुढची पायरी. नव्या सवाष्णींनी लग्नानंतर पाच वर्षे श्रावणी मंगळवारी पूजा करावी, दुपारी मौन धरून जेवावे आणि रात्र खेळून जागवावी, हा परिपाठ ज्याने कोणी घालून दिला त्याला मनुष्यस्वभावाची खोल जाण असली पाहिजे. दुपारी तोंड बंद आणि रात्री अंग मोकळे! खेळांची संख्या शंभराच्या पुढे सांगतात, फुगडीचेच वीस-एकवीस प्रकार मोजतात. आणि त्या यादीत झिम्मा, पिंगा, गाठोडे, लाटा बाई लाटा यांच्या जोडीने ‘सासू-सुनेचे भांडण’ आणि ‘सवतीचे भांडण’ या नावाचे खेळ सरळ सरळ नोंदवलेले आहेत. जगातल्या कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाने भांडणाला इतक्या उघडपणे वेळापत्रकात जागा दिली असेल, असे मला वाटत नाही.

गेल्या श्रावणात आमच्या या स्नेह्यांच्या शेजाऱ्यांकडेच, म्हणजे दाव्यातील प्रतिवादींच्या घरी, नव्या सुनेची मंगळागौर होती. दावा पुरुषांच्या नावे असल्यामुळे दोन्ही घरच्या बायकांनी त्याची दखल घेण्याचे कधीच नाकारले होते. साहजिकच वादीच्या पत्नीला आग्रहाचे बोलावणे होते, आणि तिला रात्री परत आणण्याच्या निमित्ताने वादींनाही तेथे येणे भाग पडले. मी मधल्या मध्ये सोबतीला होतो. आम्हां पुरुषांची रवानगी रिवाजाप्रमाणे गच्चीलगतच्या व्हरांड्यात झाली. वादी आणि प्रतिवादी एकमेकांकडे पाठ करून बसले, आणि दोन्ही पाठींच्या मध्ये मटकीच्या उसळीच्या बशा येऊन निवत राहिल्या. दाराच्या फटीतून आतली खोली दिसत होती. अकराच्या सुमारास नव्या मुली दमल्या आणि ‘आता काकूंनी, आता काकूंनी’ असा एकच गिल्ला झाला. वादीची पत्नी आणि प्रतिवादीची पत्नी, दोघी मिळून वयाने सव्वाशेच्या घरात असतील, पदर खोचून समोरासमोर उभ्या राहिल्या.

फुगडी हा प्रकार लांबून पाहणाऱ्याला केवळ गरगरणे वाटते. जवळून पाहिल्यास तिची रचना मोठी कावेबाज आहे. पायांच्या चवड्याला चवडे भिडवायचे, हातांची अढी घालून एकमेकींचे पंजे घट्ट धरायचे, आणि मग दोघींनी मागे रेलायचे. जितके मागे रेलावे तितका वेग येतो, आणि जितका वेग येतो तितके दुसरीचे हात सोडणे अशक्य होते. एकीने हात सोडला तर दुसरी भिंतीवर जाते; पण सोडणारीही उभी राहत नाही, ती दुसऱ्या भिंतीवर जाते. जिच्यावर राग आहे तिला पूर्ण ताकदीने आपल्यापासून दूर ओढावे, आणि त्या ओढण्यानेच ती आपल्या तोलाला उपयोगी पडावी, असा हा हिशेब आहे. शिवाय तोंडाने पकवा घालायचा असतो, त्यामुळे श्वास शिव्यांना उरत नाही. दोघी फिरल्या, बांगड्या खळखळल्या, फिरता फिरता स्नेह्यांच्या पत्नीने पन्हळ, धार, तारीख आणि वकील या चारही बाबी यमकात बसवून स्नेह्यांचे नाव घेतले, आणि त्यावर थांबून धापा टाकीत प्रतिवादीच्या पत्नीने त्याच यमकात आपल्या यजमानांचे नाव घेऊन कोर्टाच्या खर्चाची बाब वाढवली. आत जो हशा उसळला त्याने गौरीपुढची समई हलली. व्हरांड्यातले दोन्ही पक्षकार मात्र जागच्या जागी ताठ झाले. माझ्या माहितीप्रमाणे त्या दाव्यातील वस्तुस्थिती उभयपक्षी निर्विवाद मान्य होण्याचा तो एकमेव प्रसंग होय.

पुरुषांसाठी असे काहीच नाही, असे म्हणता येणार नाही. लेझीम आहे, परंतु लेझीम ही शिस्तीची बाब आहे, तिच्यात शेजाऱ्याला जागा नाही. अनंतचतुर्दशीच्या मिरवणुकीत ढोलापुढे नाचणारे प्रौढ गृहस्थ वर्षभराची बिले, बदल्या आणि भाडेकरू यांचा हिशेब त्या एका रात्रीत चुकता करतात, असे त्यांच्या खांद्यांकडे पाहून वाटते. पण तिथे कोणाचे हात कोणाच्या हातात नसतात, आणि दुसऱ्या दिवशी भाडेकरू होता तिथेच असतो. खरी सोय आहे ती आषाढीच्या वारीत. तेथे साठी-सत्तरीचे वारकरी धोतराचा काचा मारून भर रस्त्यात फुगडी घालतात, आणि खेळ संपला की एकमेकांच्या पाया पडतात. आणि ज्याच्या पाया पडायचे तो कोण, कोणत्या गावचा, त्याची पन्हळ कोणीकडे उतरते, याची चौकशी कोणी करीत नाही.

मंगळागौरीनंतर दुसऱ्याच दिवशी दोन्ही घरच्या बायकांनी मिळून असा ठराव मांडला की वादी आणि प्रतिवादी यांनी ज्या जागेबद्दल वाद आहे त्याच जागेत, पन्हळीखाली, एक साधी फुगडी घालावी. उखाण्याची सक्ती नाही. सूनबाईंनी वारीचा दाखला दिला. स्नेह्यांनी बराच विचार करून, आपले हक्क अबाधित राखून, संमती दर्शवली. शेजाऱ्यांनी डाव्या गुडघ्याचे कारण दाखवून मुदत मागितली. स्नेह्यांनी मुदतीस हरकत घेतली आणि गुडघ्याचा वैद्यकीय दाखला मागितला. तूर्त फुगडी तहकूब आहे आणि दावा चालू आहे. तेव्हा ज्या वाचकांचे शेजाऱ्याशी वैर असेल आणि दोन्ही पक्षांचे गुडघे शाबूत असतील, त्यांनी आम्हांला निकाल कळवण्याच्या बोलीवर याच श्रावणात विचारून पाहावे. वैर पुढच्या श्रावणापर्यंत टिकेल, गुडघ्यांचा भरवसा नाही.